आकड्याचा वाचक कोण? : जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील उत्पादन-मोजमापाची चिकित्सा

प्रस्तावना

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवा जालना अशी या शहराची विभागणी आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण मात्र दोन्ही तीरांवर सारख्याच अभिमानाने सांगितली जाते. निजामी राजवटीत कापूस आणि धान्य यांच्या व्यापाराने या म्हणीला आधार दिला. पुढे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही कंपनी येथे स्थापन केली आणि जालन्याचे नाव बियाण्यांशी जोडले गेले. आज महाराष्ट्रातील घरबांधणी करणाऱ्या माणसाला जालना आठवते ते सळईमुळे. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार व स्पंज आयर्न वितळविले जाते, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून त्या बिलेटची सळई होते.

या कारखान्यांत दर पाळीला काही आकडे लिहिले जातात : किती हीट झाल्या, किती टन माल निघाला, टनामागे विजेचे किती युनिट पडले, मिल किती मिनिटे बंद राहिली. आपल्या महाविद्यालयांतून वाणिज्य व विज्ञान शाखेची पदवी घेतलेले विद्यार्थी पुष्कळदा अशाच नोंदी ठेवण्याच्या नोकरीवर रुजू होतात. आपण त्यांना उत्पादन व्यवस्थापनाच्या तासाला या आकड्यांची सूत्रे शिकवितो. हे आकडे कोण वाचतो, हा प्रश्न त्या तासाला सहसा निघत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. त्यासाठी तीन 'पाठ' विचारात घेतले आहेत : अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळालेले 'ओईई' हे सूत्र, एलियाहू गोल्डराट व जेफ कॉक्स यांची 'द गोल' ही १९८४ ची कादंबरी, आणि केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याने भट्ट्यांना व मिलना लावलेली मोजपट्टी. तिन्ही पाठ जालन्याच्या भट्टीजवळ उभे राहून वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. अकार्यक्षम कारखाना आणि अप्रामाणिक कारखाना यांतील भेद एकट्या आकड्याला करता येत नाही. तो भेद आकड्याशेजारच्या शेऱ्यात असतो, आणि शेऱ्याकडे या तिन्ही पाठांचे दुर्लक्ष झालेले आहे.

सूत्राची मोहिनी

'ओईई' म्हणजे एकूण उपकरण परिणामकारकता. जपानमधील सेइइची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभाल-पद्धतीचा भाग म्हणून ही संकल्पना रूढ केली. तीन गुणोत्तरांचा हा गुणाकार आहे : यंत्र चालावयास हवे होते त्यापैकी किती वेळ चालले, चालताना अपेक्षित वेगाच्या किती प्रमाणात चालले, आणि निघालेल्या मालापैकी किती माल निर्दोष होता. ९०, ९५ आणि ९९ टक्के यांचा गुणाकार साधारण ८५ टक्के येतो. हा ८५ चा आकडा जगभरच्या कारखान्यांत आदर्श म्हणून भिंतीवर लावला जातो. सूत्राचे सौंदर्य निर्विवाद आहे. तीन वेगळ्या विभागांची तीन वेगळी गाऱ्हाणी ते एका संख्येत आणते.

परंतु हेच त्याचे वैगुण्यही आहे. उपलब्धता ८० टक्के आणि गुणवत्ता ९८ टक्के असलेली मिल, व उपलब्धता ९८ टक्के आणि गुणवत्ता ८० टक्के असलेली मिल, या दोहोंचा वेग समान असेल तर दोहोंचा 'ओईई' एकच येईल. पहिली मिल कदाचित जाड सळईवरून बारीक सळईकडे जाताना रोल बदलण्यासाठी थांबली असेल. दुसरी मिल पाच टनांमागे एक टन सदोष माल काढीत आहे. पहिलीची सळई मी माझ्या घराच्या स्लॅबला वापरीन. दुसरीची वापरण्यापूर्वी तिचा प्रत्येक गठ्ठा तपासून मागेन. गुणाकाराला मात्र हा फरक दिसत नाही.

त्याहून जुना आणि आपल्याकडे अधिक रुळलेला आकडा 'पाळीचे टन' हा होय. ८ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ०.३९५ किलो असते, तर २५ मिलिमीटरच्या सळईचे ३.८५ किलो, म्हणजे जवळजवळ दहापट. बारीक सळई अधिक वेगाने निघते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक दहापट राहत नाही. तथापि टनावर शाबासकी मिळत असेल तर कोणत्या पाळीला जाड माल आला यावर बरेच काही ठरते. ग्रामीण भागात मागणी मात्र ८, १० आणि १२ मिलिमीटरच्या मालालाच मोठी. विकला जाणारा माल आणि फलकावर शोभणारा माल असे हे द्वैत टनाच्या आकड्यातून निर्माण होते.

कादंबरीतील कारखाना

'द गोल' ही वाङ्मयीन दृष्ट्या फार मोठी कादंबरी नव्हे. तिच्यातील पात्रे बहुतेक वेळा प्रश्न विचारण्यासाठी व उत्तरे ऐकण्यासाठी उभी केलेली आहेत. नायक अॅलेक्स रोगो याच्या मोडकळीस आलेल्या संसाराचे उपकथानकही चिकटविल्यासारखे वाटते. तरीसुद्धा व्यवस्थापनाच्या वाङ्मयात तिला जे स्थान मिळाले ते अनाठायी नाही, कारण मोजमापाची टीका हाच तिचा खरा विषय आहे. रोगोच्या कारखान्याला तीन महिन्यांची मुदत मिळालेली आहे. कारखान्यात यंत्रमानव आणले गेले, त्यांची कार्यक्षमता कागदावर वाढली, आणि तरीही मागण्या उशिरा जात आहेत व अर्धवट माल साठत आहे. त्याचा गुरू जोना त्याला तीनच मापे पाहावयास सांगतो : विक्रीतून येणारा पैसा, मालात अडकलेला पैसा आणि चालविण्याचा खर्च. प्रत्येक यंत्र सतत चालले पाहिजे या हट्टातून कारखाना बुडतो, हे या कादंबरीचे प्रतिपादन १९८४ मध्ये धाडसाचे होते.

तिच्यातील एक प्रसंग वर्गात सांगण्याजोगा आहे. संध्याकाळी पाचपर्यंत १०० नग हवे आहेत. पीटच्या विभागाने तासाला सरासरी २५ नग करावयाचे, आणि पुढील यंत्रमानवाने तासाला जास्तीत जास्त २५ नगांवर काम करावयाचे. पीटची माणसे चार तासांत अनुक्रमे १९, २१, २८ आणि ३२ नग करतात. बेरीज शंभर, सरासरी पंचवीस. पीट खूष आहे. यंत्रमानवाकडून मात्र १९, २१, २५ आणि २५ असे ९० नगच बाहेर पडतात. पहिल्या दोन तासांत हुकलेले दहा नग सरासरीने भरून निघाले, यंत्राने ते भरून दिले नाहीत. पाळीच्या सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

हेच उदाहरण जालन्यात आणून ठेवले तर ते अधिक कठोर होते. बिलेट गार होऊ न देता ओतकाम-यंत्रावरून सरळ रोलिंगला पाठविण्याची पद्धत आपल्याकडील कारखान्यांतही आली आहे. तिच्यामुळे बिलेट पुन्हा तापविण्याच्या भट्टीचे इंधन वाचते आणि तापविताना पृष्ठभागावर होणारी लोखंडाची घटही टळते. परंतु येथे शिल्लक माल नुसता पडून राहत नाही, तो गार होतो. मिल वीस मिनिटे अडली तर मधल्या काळातील बिलेटना पुन्हा भट्टी दाखवावी लागते. रोगोच्या कारखान्यात साठ्याचा दंड व्याजाच्या रूपाने महिन्याअखेर कळतो. जालन्यात तो त्याच पाळीत इंधनाच्या रूपाने भरावा लागतो. भट्टीची सरासरी आणि मिलची सरासरी दोन्ही समाधानकारक असूनही पाळी तोट्यात जाऊ शकते, कारण तोटा दोहोंच्या मधल्या काही मीटर अंतरावर झालेला असतो आणि त्या अंतराची नोंदवही कोणत्याच विभागाकडे नसते.

गोल्डराट यांच्या कादंबरीची खरी मर्यादा मात्र निराळी आहे. तेथे आकड्यांचे वाचक सर्व घरचेच आहेत. विभागप्रमुख बिल पीच चुकीचे आकडे वाचतो, लेखापाल लू हळूहळू योग्य आकडे वाचावयास शिकतो, आणि कारखाना वाचतो. आकडा खोटा आहे असे कादंबरीत कोणालाच वाटत नाही; तो चुकीचा निवडला आहे, एवढीच तक्रार आहे. ज्या उद्योगात उत्पादनाचा प्रत्येक आकडा हे शासनापुढील निवेदनही असते, त्या उद्योगाची कथा या चौकटीत मावत नाही.

शासनाची मोजपट्टी

उत्पादन शुल्क हा कर मालाच्या निर्मितीवर होता. त्यामुळे कारखान्याने किती टन माल काढला हे शासनाला कळणे भाग होते. लहान भट्ट्या व मिल यांच्या नोंदींवर शासनाचा विश्वास नव्हता. १९९७ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात कलम ३-अ घालण्यात आले आणि इंडक्शन भट्ट्या व हॉट री-रोलिंग मिल यांच्यासाठी वार्षिक क्षमता ठरविण्याचे नियम करण्यात आले. माल मोजण्याऐवजी यंत्र मोजावयाचे, असा त्याचा अर्थ होता. भट्टीच्या बाबतीत तिच्या टन-क्षमतेला ३२०० ने गुणावयाचे. ३ टनांच्या भट्टीचे वर्षाचे उत्पादन ९६०० टन. टनामागे ७५० रुपये या दराने कर ७२ लाख रुपये. पर्याय म्हणून ३ टन क्षमतेमागे दरमहा ५ लाख रुपये भरून मोकळे होण्याची मुभा होती. ३२०० म्हणजे वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज दहा-अकरा हीट. अस्तर झिजले, वीज गेली किंवा भंगार मिळाले नाही, तरी कागदावर भट्टी तेवढ्याच हीट देत राही.

मिलचे सूत्र अधिक वाचनीय आहे. अंतिम रोलचा मिलिमीटरमधील व्यास, मोटरचे मिनिटाचे फेरे, गिअरबॉक्सचे प्रमाण, वेगाचा घटक, मीटरमागे वजनाचा घटक आणि चालू तास यांचा गुणाकार करून त्याला १.८८५ गुणिले १० चा उणे चौथा घात या स्थिरांकाने गुणावयाचे. हा स्थिरांक पाहून विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांना कुतूहल वाटेल. तो कोणत्याही सर्वेक्षणातून आलेला नाही. पाय या संख्येला ६० ने गुणून दहा लाखांनी भागले की तो मिळतो. रोलचा परीघ, तासाचे फेरे आणि मिलिमीटर-किलोचे मीटर-टन करणे, एवढाच त्याचा आशय आहे. म्हणजे हे फिरणाऱ्या वर्तुळाचे सूत्र आहे. वर्तुळ फिरत असताना त्यावर सळई होती की नव्हती, ती मध्येच अडकून वेटोळे होऊन बाहेर फेकली गेली की काय, या सर्वांची भरपाई एका घटकाने व्हावी अशी अपेक्षा आहे. भूमितीने माणसाच्या नोंदवहीची जागा घेतल्याचे याहून नितळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ही व्यवस्था २००० पर्यंत चालली. एकमुस्त पर्याय स्वीकारलेल्या कारखानदाराला नंतर प्रत्यक्ष उत्पादन कमी होते म्हणून सवलत मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने व्हीनस कास्टिंग्ज प्रकरणी २००० मध्ये स्पष्ट केले. तर्काला ते धरूनच होते. आकड्यावर एकदा तह झाला की वस्तुस्थितीची चौकशी संपते.

तह संपल्यावर शंका परत आली. आता तिने विजेच्या मीटरचा आधार घेतला. भट्टीला एका टनासाठी किती वीज लागते हे ठरविता आले, तर महिन्याच्या वीजबिलावरून खरे उत्पादन काढता येईल, असा हा विचार. वरवर पाहता तो बिनतोड आहे. भट्टीत चोरून ओतलेला टन नोंदवहीत दिसत नाही, मीटरवर दिसतो. कानपूरच्या आयआयटीमधील डॉ. बत्रा यांच्या अहवालाचा या प्रकरणांत वारंवार आधार घेतला गेला. त्या अहवालात टनामागे ५५५ ते १०४६ युनिट अशी कक्षा दिलेली आहे. खालची मर्यादा धरली तर १० लाख युनिट विजेत सुमारे १८०० टन पोलाद वितळावयास हवे. वरची धरली तर ९५६ टन. खालच्या मर्यादेवर बोट ठेवणारा अधिकारी एका कारखान्याकडे ८४० टनांहून अधिक चोरटे उत्पादन शोधू शकतो, आणि वरच्या मर्यादेवर बोट ठेवणारा तोच कारखाना निर्दोष ठरवितो. वीजही तीच आणि मालही तोच; बदलले आहे ते फक्त बोट.

ही कक्षा इतकी रुंद का, याचे उत्तर भट्टीशी परिचित असलेला माणूस सहज देतो. पोलाद वितळवून सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास तत्त्वतः टनाला ३८० ते ४०० युनिट पुरतात. त्यावरचे सर्व युनिट परिस्थितीचे असतात. भंगार गच्च आहे की पोकळ, गंजलेले आहे की मातीने भरलेले. स्पंज आयर्नचे प्रमाण किती आणि त्यामुळे मळी किती. अस्तर नवे की झिजलेले. थंड भट्टीची पहिली हीट की सलग सातवी. वितळलेला रस ओतण्यासाठी किती मिनिटे ताटकळत ठेवावा लागला. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने भारनियमनाचा जो काळ पाहिला, त्यात वीज मध्येच जाणे म्हणजे अर्धवट वितळलेला घाण पुन्हा तापविणे होते.

न्यायाधिकरणांनी ही अडचण ओळखली. आर. ए. कास्टिंग्ज प्रकरणात केवळ विजेच्या वापरावरून चोरट्या उत्पादनाचा निष्कर्ष काढणे अमान्य करण्यात आले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते मत कायम ठेवले. २०१० नंतरच्या दशकात जालन्याच्याच एस. आर. जे. पित्ती स्टील्स विरुद्ध तत्कालीन औरंगाबादचे उत्पादन शुल्क आयुक्त या वादात मुंबई पीठापुढे हाच प्रश्न आला आणि विजेच्या हिशेबावर उभी केलेली मागणी टिकली नाही. या निकालांचे कायद्याच्या अंगाने पुष्कळ विवेचन झालेले आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने त्यांचे वाचन मात्र व्हावयास हवे होते तसे झालेले दिसत नाही.

अकार्यक्षम की अप्रामाणिक?

कारण 'टनामागे युनिट' हा भट्टीचा सर्वांत बोलका आकडा आहे. तो रोज प्रामाणिकपणे लिहिला आणि त्याचा चढउतार पाहिला, तर अस्तर केव्हा बदलावे, कोणत्या व्यापाऱ्याचे भंगार घेऊ नये, ओतकामाकडे कुठे खोळंबा होतो, हे सारे त्यातून कळते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१२ पासूनच्या 'पॅट' योजनेनेही मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत टनामागील ऊर्जा हाच निकष धरला. मात्र ज्या आकड्याचा चढ तपास यंत्रणा गुन्ह्याची खूण म्हणून वाचते, तो आकडा मोकळेपणाने चढू देण्यास कारखाना धजत नाही. वाईट भंगाराच्या आठवड्यात ७८० युनिट पडले असे लिहिण्यापेक्षा नेहमीचे ६५० लिहिणे सोयीचे, असा मोह व्यवस्थेनेच निर्माण केला. खरोखर माल लपविणाऱ्याचे टनामागील युनिट जास्त दिसतात; खरोखर वीज वाया घालविणाऱ्याचेही जास्त दिसतात. आरशाचाच पंचनामा होऊ लागल्यावर आरसा पुसून ठेवण्याचे धाडस कोण करील?

उद्योगाची बाजू निष्कलंक आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याने जालन्यातील पोलाद उद्योजकांवर घातलेल्या छाप्यांत मोठी रोकड व सोने हाती लागले आणि त्याची चर्चा देशभर झाली. शासनाची शंका हवेत निर्माण होत नाही. मुद्दा एवढाच की शंकेचे समाधान करण्यास निवडलेले माप ते समाधान करू शकत नाही, आणि त्या नादात कारखान्याला स्वतःविषयी मिळणारे ज्ञानही नष्ट होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि निर्मितीऐवजी पुरवठा हा कराचा आधार झाला. त्याने आकड्याचा एक वाचक बदलला. आकडा लपवून वा सपाट करून लिहिण्याची सवय मात्र कायद्यातील दुरुस्तीने एका रात्रीत जात नाही. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांतील एपीआय गुणांचे तक्ते ज्यांनी भरले आहेत, त्या प्राध्यापकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.)

याच संदर्भात बियाण्याच्या पिशवीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का लिहावा लागतो. त्या आकड्याचा वाचक शेतकरी असतो, आणि पंधरवड्यात त्याचे शेत त्या आकड्याची परीक्षा घेते. आकडा, त्याचा वाचक आणि त्याची परीक्षा एकाच ठिकाणी येतात. एकाच गावातील दोन उद्योगांपैकी एकाला हे सुदैव लाभले आणि दुसऱ्याला लाभले नाही.

शेऱ्याचा रकाना

आता या सर्वांत भट्टीवर उभा असलेला माणूस कोठे आहे? 'ओईई'च्या सूत्रात तो थांबलेल्या मिनिटांच्या रूपाने येतो. भंगार ओले आहे किंवा त्यात तोंडबंद डबा आहे असा संशय आल्यावर भरणा थांबवून तपासणी करणारा कामगार उपलब्धता कमी करतो. ज्याने तपासणी केली नाही त्याची उपलब्धता चांगली दिसते. वितळलेल्या पोलादाखाली पाणी सापडले तर त्याची वाफ होऊन आकारमान सुमारे सोळाशे पट होते. इंडक्शन भट्टीतील स्फोटांचे हे एक ठाऊक कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीजवळ झालेल्या स्फोटात वीसहून अधिक कामगार भाजले व जखमी झाले. त्या विशिष्ट घटनेच्या कारणाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. कामगिरीचे माप शिकविताना आपण थांबण्याला सरसकट 'नुकसान' म्हणतो, या शब्दाविषयी मात्र म्हणावयाचे आहे. टीपीएमच्या वाङ्मयात सहा मोठ्या नुकसानींची यादी आहे. तपासणीसाठी घेतलेली दहा मिनिटे आणि पट्टा तुटल्यामुळे गेलेली दहा मिनिटे, दोन्ही अखेर उपलब्धतेतूनच वजा होतात.

पाळीच्या नोंदवहीत आकड्यांच्या उजवीकडे 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. थांबण्याचे कारण तेथे लिहावयाचे असते. 'ओईई'च्या गुणाकारात त्याला स्थान नाही, गोल्डराटच्या तीन मापांत नाही, आणि शुल्क खात्याच्या सूत्रात तर असण्याची शक्यताच नव्हती. तरीही वर उल्लेखिलेल्या वादांत एखाद्या कारखान्याला आपली वीज का वाढली हे सांगावयाचे झाल्यास त्याच्याकडे याच रकान्याखेरीज दुसरा साक्षीदार नसतो : अमुक तारखेला अस्तर बदलले, अमुक पाळीत वीज गेली, अमुक ट्रकमधील भंगार मातीचे निघाले. कारखान्याला सुधारावयाचे असेल तरी हेच वाचावे लागेल. म्हणून उत्पादन व्यवस्थापनाच्या आपल्या अभ्यासक्रमात सूत्रांना जितके गुण आहेत त्यातील काही गुण शेरा लिहिण्याला असावेत, अशी माझी सूचना आहे. थांबण्याच्या कारणांचे वर्गीकरण, कारणाची वेळ, कारण सांगणाऱ्याचे पद, आणि तपासणीसाठीचे थांबणे नुकसानीतून वगळून स्वतंत्र मोजणे, एवढ्या गोष्टी एका सत्रात शिकविता येतात. प्रात्यक्षिकासाठी कुंडलिका ओलांडून औद्योगिक वसाहतीपर्यंत जावे लागेल, इतकेच.

यात एक अडचण आहे आणि ती भाषेची आहे. भट्टीवर काम करणाऱ्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. ते आपापसांत भोजपुरी किंवा हिंदी बोलतात, सुपरवायझर मराठी-हिंदी बोलतो आणि नोंदवहीचे रकाने इंग्रजीत छापलेले असतात. भट्टीचा आवाज बदलल्याचे ज्याच्या कानाला प्रथम कळते, त्याचे वाक्य दोन भाषांतरे होऊन रकान्यात पोहोचते, आणि तेथे पोहोचेपर्यंत त्याचे 'मेंटेनन्स' या एका शब्दात रूपांतर झालेले असते.